ओझे जड, वाट लांब : काही रेल्वे कंपन्या बुडाल्या, काही तगल्या, असे का?



२१ जून १९७० रोजी अमेरिकेत एका रेल्वे कंपनीने न्यायालयात जाऊन आपले दिवाळे निघाल्याचे जाहीर केले. कंपनीचे नाव पेन सेंट्रल. सुमारे ३२,००० किलोमीटर लांबीचे मार्ग, नव्वद हजारांहून अधिक नोकर, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो अशा मोठमोठ्या शहरांत भव्य स्थानके, असा तिचा पसारा होता. अमेरिकेच्या इतिहासात तोपर्यंत एवढे मोठे दिवाळे कोणत्याही कंपनीचे निघाले नव्हते. अवघ्या अडीच वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी १९६८ रोजी, पेनसिल्व्हानिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ती जन्माला आली होती. त्यांतील पेनसिल्व्हानिया कंपनीने तर शंभराहून अधिक वर्षे आपल्या भागधारकांना अखंड लाभांश वाटला होता.

आता दुसरे चित्र पाहा. त्याच देशात, त्याच वर्षांत, नॉरफोक अँड वेस्टर्न नावाची एक रेल्वे कंपनी उत्तम नफ्यात चालली होती. तिच्याही रुळांमधील अंतर तेच, १४३५ मिलिमीटर. तिचीही इंजिने डिझेलचीच आणि त्याच कारखान्यांतून आलेली. देशाचे कायदेही दोघींना सारखेच. मग एक बुडाली आणि दुसरी तगली, हे कसे?

‘एकीचे व्यवस्थापन वाईट होते आणि दुसरीचे चांगले,’ असे उत्तर पटकन तोंडावर येते. ते अगदी खोटे नाही, पण अपुरे आहे. या प्रश्नाच्या मुळाशी पदार्थविज्ञानातला एक साधा नियम आणि बीजगणितातल्या दोन सरळ रेषा आहेत. त्या एकदा समजल्या की बाकीची हकीकत आपोआप उलगडत जाते. म्हणून आधी चाकापासून सुरुवात करू.

पोलादावर पोलाद

एक काचेची गोटी घ्या. ती काचेच्या किंवा शहाबादी फरशीवर हलकेच ढकला. मग तीच गोटी गादीवर ढकला. फरशीवर ती दूर जाते, गादीवर वीतभर जाऊन थांबते. कारण उघड आहे. गादी गोटीखाली दबते, गोटी पुढे सरकली की पुन्हा वर येते. पण दाबताना जेवढी ऊर्जा खर्च झाली तेवढी ती वर येताना परत देत नाही. काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. सायकलच्या चाकात हवा कमी असली म्हणजे पायडल मारताना दम लागतो, त्याचेही कारण हेच.

मालमोटारीचा रबरी टायर रस्त्यावर असाच सतत दबत आणि फुगत असतो. रेल्वेचे चाक पोलादाचे, रूळही पोलादाचा. दोन्ही इतके कठीण की कित्येक टनांचा भार असूनही चाक रुळाला जिथे टेकते तो ठिपका एखाद्या लहान नाण्याएवढाच असतो. दबणे जवळजवळ नाहीच, म्हणून ऊर्जेची नासाडीही फार थोडी.

हे आकड्यांत मांडू. सपाट मार्गावर आगगाडीच्या फिरत्या चाकांचा विरोध भाराच्या साधारण ०.००१५ पट धरता येतो. मालमोटारीसाठी हाच आकडा ०.००८ च्या आसपास असतो. म्हणजे एक टन माल हलता ठेवण्यासाठी :

रुळावर : १००० × ९.८ × ०.००१५ = १४.७ न्यूटन

रस्त्यावर : १००० × ९.८ × ०.००८ = ७८.४ न्यूटन

१४.७ न्यूटन म्हणजे दीड लिटर पाणी उचलून धरायला लागणारे बल. तांब्याभर पाण्याच्या ओझ्याएवढ्या बलाने एक टन माल सपाट रुळावरून सरकत राहतो, हे खरे वाटणे कठीण. पण ते खरे आहे. रस्त्यावर त्याच कामाला आठ लिटर पाण्याच्या बादलीएवढे बल लागते, म्हणजे पाचपटीहून अधिक. शिवाय वाघिणी एकीमागे एक जोडलेल्या असल्यामुळे पुढच्या वाघिणीच्या आडोशाने मागच्या वाघिणीला हवेचा विरोधही कमी होतो.

याचे टोकाचे उदाहरण नॉरफोक अँड वेस्टर्ननेच १५ नोव्हेंबर १९६७ रोजी करून दाखविले. तिने कोळशाने भरलेल्या ५०० वाघिणींची एकच गाडी चालविली. गाडीची लांबी सहा किलोमीटरहून अधिक, वजन ४०,००० टनांहून अधिक आणि ओढायला डिझेल इंजिने फक्त सहा, प्रत्येकी ३६०० अश्वशक्तीची. एकूण २१,६०० अश्वशक्ती. भागाकार करून पाहा : दर टनाला जेमतेम अर्धी अश्वशक्ती! चाळीस टनांच्या मालमोटारीला चारशे अश्वशक्तीचे इंजिन असते असे धरले, तर तिथे दर टनाला दहा अश्वशक्ती पडतात.

गुळगुळीतपणाची किंमत

निसर्ग फुकट काही देत नाही. पोलादावर पोलाद सहज घरंगळते, तसेच ते सहज घसरतेही. कोरड्या रुळावर इंजिनाच्या चाकाची पकड त्याच्यावरील भाराच्या साधारण पाव पट असते. कोरड्या रस्त्यावर रबराची पकड याच्या दुपटीहून अधिक असते. म्हणून आगगाडीला चढ सोसत नाही.

शंभर मीटरला एक मीटर असा चढ घ्या. सायकलने जाताना तो तुम्हाला फारसा जाणवणारही नाही. पण या चढावर दर टनाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १००० × ९.८ × ०.०१ = ९८ न्यूटन जादा बल लागते. सपाट रुळावरचे १४.७ न्यूटन आठवा. एवढ्याशा चढाने काम जवळजवळ साडेसातपट होते! ५०० वाघिणींची ती गाडी नदीच्या खोऱ्यातून, पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने नेलेली होती, हे उगाच नव्हे.

यावरून तुम्ही म्हणाल, ‘मग ज्या कंपनीचा मार्ग सपाट ती श्रीमंत.’ असे असते तर न्यूयॉर्क सेंट्रल सर्वात श्रीमंत व्हायला हवी होती. तिचा मुख्य मार्ग हडसन आणि मोहॉक या नद्यांच्या काठाने आणि पुढे मोठ्या सरोवरांच्या कडेने जातो. ‘पाण्याच्या पातळीचा मार्ग’ अशीच तिची जाहिरात असे. पेनसिल्व्हानियाला मात्र अ‍ॅलेगेनी पर्वत चढावा लागे. त्यासाठी तिने १८५४ मध्ये आल्टूना गावाजवळ घोड्याच्या नालेसारखे एक प्रचंड वळण बांधले, जे आजही वापरात आहे. तरीसुद्धा सपाट मार्गाची न्यूयॉर्क सेंट्रल आणि पर्वत चढणारी पेनसिल्व्हानिया, दोघीही एकाच वेळी खंगत गेल्या. तेव्हा रूळ गुळगुळीत असणे आणि मार्ग सपाट असणे एवढ्याने भागत नाही. आणखी काहीतरी लागते. ते काय, हे पाहण्यासाठी आता बीजगणिताकडे वळू.

दोन सरळ रेषा

मालाच्या वाहतुकीचा खर्च दोन भागांत पडतो. एक, माल चढविण्या-उतरविण्याचा आणि गाडी जुळविण्याचा. तो अंतर कितीही असो, तेवढाच येतो. दुसरा, दर किलोमीटरला होणारा. समजण्यापुरते काही काल्पनिक आकडे घेऊ.

मालमोटार कारखान्याच्या दारात येते, माल भरून थेट दुकानाच्या दारात जाते. समजा, तिचा चढविण्या-उतरविण्याचा खर्च टनाला १०० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला ३ रुपये. रेल्वेचा माल आधी मालधक्क्यावर न्यायचा, वाघिणीत भरायचा, ती वाघीण यार्डात न्यायची, शंटिंग करून तिला तिच्या दिशेच्या गाडीत लावायची. वाटेत दुसऱ्या यार्डात गाडी मोडायची, पुन्हा जुळवायची. शेवटी माल उतरवून मोटारीने दारात पोहोचवायचा. समजा, याला टनाला ७०० रुपये पडतात. पण किलोमीटरला फक्त १ रुपया.

अंतर ‘क्ष’ किलोमीटर असेल तर

मालमोटार : १०० + ३क्ष

रेल्वे : ७०० + क्ष

दोन्ही खर्च समान होतात तेव्हा क्ष = ३००. आलेखकागदावर या दोन रेषा काढून पाहा. मालमोटारीची रेषा खालून निघते पण चढत जाते. रेल्वेची रेषा वरून निघते आणि सावकाश चढते. १०० किलोमीटरला मालमोटार ४०० रुपयांत जाते आणि रेल्वेला ८०० पडतात. १००० किलोमीटरला मालमोटारीला ३१०० पडतात आणि रेल्वेला १७००. म्हणजे गुळगुळीत रुळाचा फायदा आहे खरा, पण तो हाती यायला वाट लांब असावी लागते.

आता समजा, एकाच खाणीतून एकाच बंदराला जाणारी कोळशाची अख्खी गाडी आहे. शंटिंग नाही, गाडी मोडणे नाही, वरून यंत्राने भरायची आणि यंत्रानेच रिकामी करायची. मग ७०० चे २०० होतील. समीकरण पुन्हा सोडवा : १०० + ३क्ष = २०० + क्ष, म्हणून क्ष = ५०. आता पन्नास किलोमीटरपलीकडे मालमोटारीचा निभावच लागणार नाही!

याखेरीज तिसरा एक खर्च आहे आणि तोच सर्वात घातक. तो म्हणजे खुद्द लोहमार्गाचा. रूळ, स्लीपर, खडी, पूल, सिग्नल यांची देखभाल गाड्या धावोत वा न धावोत, करावीच लागते. समजा, एक किलोमीटर मार्ग सांभाळायला वर्षाला १० लाख रुपये लागतात. त्यावरून वर्षाला एक कोटी टन माल गेला तर टनाला १० पैसे पडतात. फक्त एक लाख टन गेला तर टनाला १० रुपये! तेव्हा किलोमीटरला ३ रुपये घेणारी मालमोटार सहज जिंकते. म्हणजे ओझेही जड हवे.

जड ओझे, लांब वाट आणि मध्ये कमीत कमी थांबे : रुळाचा फायदा पदरात पडायला या तीन अटी आहेत. आता आपल्या दोन कंपन्यांना ही फूटपट्टी लावून पाहू.

नॉरफोकचा कोळसा

नॉरफोक अँड वेस्टर्नच्या रुळांनी १८८० च्या दशकात अ‍ॅपलेशियन पर्वतातील पोकाहोंटस कोळसाक्षेत्र गाठले. तिथून अटलांटिक किनाऱ्यावरील नॉरफोक बंदर सुमारे ६०० किलोमीटर. माल एकच, तो जड, तो वर्षभर निघणारा, निघण्याची जागा एक आणि पोहोचण्याची जागा एक. लॅम्बर्ट्स पॉइंट येथील धक्क्यावर भरलेली वाघीण यंत्रात धरून सबंध उलटी करतात आणि कोळसा जहाजाकडे जातो. तिन्ही अटी पुऱ्या. अमेरिकेत सगळीकडे डिझेल आले तरी ही कंपनी १९६० पर्यंत वाफेची इंजिने चालवीत राहिली, कारण त्यांना लागणारा कोळसा तिच्या दारातच होता आणि ती इंजिने तिने स्वतःच्या रोअनोक येथील कारखान्यात बांधलेली होती.

पेन सेंट्रलचे दुखणे

पेन सेंट्रलचा प्रदेश ईशान्य अमेरिकेचा; जुने कारखाने, दाट वस्ती, जवळजवळची शहरे. मालाच्या फेऱ्या आखूड. हजारो कारखान्यांकडे जाणारे हजारो फाटे, असंख्य यार्डे. एखादी वाघीण प्रवासात जेवढा वेळ धावे त्याहून कितीतरी अधिक वेळ यार्डात उभी राही. आपल्या समीकरणातील ७०० रुपये इथे अंगावर येत होते.

एके काळी हे सगळे भरभरून चालत असे, कारण दुसरा पर्यायच नव्हता. १९१६ मध्ये अमेरिकेतील लोहमार्गांची लांबी चार लाख किलोमीटरांच्या वर गेली होती. ती तिची परमावधी. पुढे परिस्थिती बदलली. १९५६ च्या कायद्याने सुमारे ६६,००० किलोमीटरांच्या द्रुतगती महामार्गांचे जाळे सरकारी पैशाने बांधायला सुरुवात झाली. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि समुद्रातली जहाजे थेट मोठ्या सरोवरांत शिरू लागली. घरे तापवायला कोळशाऐवजी खनिज तेल आणि वायू आले. कारखाने दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकले. मालमोटारीला रस्ता सरकारने बांधून दिलेला. ती इंधनावरचा कर भरून मोकळी होई. रेल्वे कंपनीला मात्र रूळ स्वतः टाकायचे, सांभाळायचे आणि वर त्या जमिनीचा कर भरायचा! माल उतरत गेला, पण चार-चार पदरी लोहमार्गांचा खर्च उतरला नाही. ‘टनाला १० पैसे’चे ‘टनाला १० रुपये’ होऊ लागले.

त्यात प्रवासी गाड्यांचा तोटा. लोक मोटारींनी आणि विमानांनी जाऊ लागले तरी गाडी बंद करायला सरकारी परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. हे ओझे १ मे १९७१ रोजी अ‍ॅमट्रॅक ही सरकारी प्रवासी कंपनी निघाली तेव्हा बऱ्याच अंशी उतरले. पण पेन सेंट्रलच्या दृष्टीने तोवर फार उशीर झाला होता.

दोन कंपन्या एक केल्या म्हणजे खर्च वाचेल, ही कल्पनाही फसली. दोघींची गणकयंत्रे एकमेकींशी बोलत नव्हती, माणसेही बोलत नव्हती. वाघिणी भलत्याच यार्डात पोहोचत. काही काळ त्यांचा पत्ताच लागत नसे. १९७० साली तोटा दिवसाला जवळजवळ दहा लाख डॉलरपर्यंत गेला. दोन अशक्त माणसांनी एकमेकांचा हात धरला म्हणून त्यांतून एक सशक्त माणूस तयार होत नाही.

एका प्रदेशात तीन मार्ग

ओझे वाटले गेले तर काय होते, याचे उदाहरण वायव्य अमेरिकेत सापडते. तिथे पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत नॉर्दर्न पॅसिफिक १८८३ मध्ये आणि ग्रेट नॉर्दर्न १८९३ मध्ये पोहोचली होती. वस्ती विरळ, माल बेताचा. तरीही १९०९ मध्ये मिलवॉकी रोड या कंपनीने पाच पर्वतरांगा ओलांडून तिसरा मार्ग पुरा केला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो नमुनेदार होता. डोंगराळ भागात सुमारे हजार किलोमीटरवर तिने विजेच्या गाड्या सुरू केल्या. उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा विजेच्या रूपाने परत तारेत घालण्याची सोयदेखील त्यांत होती. पण दोघांपुरता माल तिघांत वाटला गेला. १९७० मध्ये पहिल्या दोघी एक होऊन बर्लिंग्टन नॉर्दर्न झाल्या आणि मिलवॉकी एकटी पडली. १९७४ मध्ये, जगात तेल भडकलेले असताना, तिने आपल्या विजेच्या गाड्या बंद करून डिझेल घेतले. १९७७ मध्ये दिवाळे निघाले. १९८० मध्ये पॅसिफिककडचा तो सबंध मार्ग सोडून देण्यात आला. ज्या गावांना दुसरी गाडी नव्हती त्यांचे धान्य आणि लाकूड रस्त्यावर आले.

याच सुमारास बर्लिंग्टन नॉर्दर्नने वायोमिंगमधील पावडर नदीच्या खोऱ्यात नवा लोहमार्ग टाकला. तो १९७९ मध्ये पुरा झाला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे कमी गंधकाच्या कोळशाला मागणी आली होती आणि तसा कोळसा तिथे अमाप होता. शंभराहून अधिक वाघिणींच्या अख्ख्या गाड्या, हजार-दीड हजार किलोमीटरची वाट. तिन्ही अटी पुन्हा पुऱ्या! शेजारीशेजारी एक मार्ग उखडला जात होता आणि दुसरा नव्याने टाकला जात होता.

कायद्याचा लगाम

इथपर्यंत वाचून ‘सारे काही भूगोलानेच ठरते’ असे मानू नका. फायदा कुठे आहे हे ओळखूनही तो घेता येत नसेल तर काय उपयोग? १८८७ मध्ये अमेरिकेत आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला, तो योग्य कारणासाठी. त्या काळी रेल्वेला प्रतिस्पर्धी नव्हता आणि कंपन्या शेतकऱ्यांना मनमानी भाडे लावीत. पुढे मालमोटारी आल्या, परिस्थिती बदलली, पण नियम तसेच राहिले. भाडे वाढवायला परवानगी, कमी करायलाही परवानगी, तोट्याचा फाटा बंद करायलाही परवानगी.

सदर्न रेल्वेची गोष्ट ऐका. धान्य त्या काळी लहान बंदिस्त वाघिणींतून जाई. दारांना फळ्या ठोकायच्या, फावड्यांनी भरायचे आणि उपसायचे, वाटेत सांडायचे. १९६१ मध्ये या कंपनीने ‘बिग जॉन’ नावाची अ‍ॅल्युमिनियमची प्रचंड वाघीण आणली. वरची झाकणे उघडून धान्य ओतायचे, तळाची उघडून रिकामे करायचे. एकीत सुमारे १०० टन माल. वाघिणीचे स्वतःचे वजन कमी, मालाचे जास्त, भरण्याचा वेळ थोडा. कंपनीने जाहीर केले की आम्ही भाडे निम्म्याहून खाली आणू. मालमोटारवाले आणि नौकावाले यांनी हरकत घेतली. प्रकरण आयोगापुढे गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. भाडे कमी करण्याची पक्की परवानगी मिळायला १९६५ उजाडले!

शेवटी ऑक्टोबर १९८० मध्ये स्टॅगर्स कायदा झाला आणि हा लगाम बराच सैल करण्यात आला. कंपन्यांना गिऱ्हाइकाशी भाड्याचा करार करण्याची आणि तोट्याचे फाटे सोडण्याची मोकळीक मिळाली. महागाई वजा करून पाहिले तर पुढील दोन दशकांत सरासरी मालभाडे जवळजवळ निम्म्यावर आले आणि तरीही कंपन्या नफ्यात आल्या. हा चमत्कार नव्हे; ओझे थोड्या मार्गांवर एकवटले, म्हणून टनामागचा खर्च उतरला.

चक्र फिरले

पेन सेंट्रल आणि आसपासच्या आणखी काही दिवाळखोर कंपन्या मिळून १ एप्रिल १९७६ रोजी सरकारने कॉनरेल ही कंपनी काढली. तिच्यात सरकारचे अब्जावधी डॉलर गेले. १९८१ च्या आरंभी स्टॅन्ले क्रेन हे अभियंते तिचे प्रमुख झाले. त्यापूर्वी ते ‘बिग जॉन’वाल्या सदर्न रेल्वेचे प्रमुख होते. नव्या कायद्याचा उपयोग करून त्यांनी तोट्याचे हजारो किलोमीटर मार्ग सोडले आणि उरलेल्या मार्गांवर माल एकवटला. हजारो नोकऱ्याही गेल्या, हे विसरू नये. कॉनरेल नफ्यात आली आणि १९८७ मध्ये सरकारने आपले भाग जनतेला विकले.

आता या हकीकतीतला सर्वात विलक्षण भाग. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पेनसिल्व्हानिया कंपनीजवळ नॉरफोक अँड वेस्टर्नचे मोठ्या प्रमाणात भाग होते. एके काळी सुमारे एक तृतीयांश. थोरल्या कंपनीला या धाकट्या कंपनीच्या कोळशातून दरवर्षी लाभांश मिळे. १९६४ मध्ये नॉरफोकने इतर काही कंपन्या आपल्यात सामील करून घेतल्या, तेव्हा सरकारच्या अटीप्रमाणे पेनसिल्व्हानियाला ते भाग विकणे भाग पडले. १९८२ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न एकत्र येऊन नॉरफोक सदर्न कंपनी झाली. आणि १९९९ मध्ये कॉनरेलची वाटणी झाली, तेव्हा पेनसिल्व्हानियाचा जुना मुख्य मार्ग, घोड्याच्या नालेसारख्या त्या वळणासह, नॉरफोक सदर्नकडे आला. धाकटीच्या वारसाने थोरलीचे घर घेतले!

नियम दुसरीकडे तपासून पाहू

एखादा नियम एका ठिकाणी लागू पडला म्हणून खरा मानू नये, तो दुसरीकडे तपासावा. म्हणून जपानकडे पाहू. तिथे ओझे मालाचे नसून माणसांचे आहे. १९६४ मध्ये तोकियो ते ओसाका या ५१५ किलोमीटरांवर शिंकान्सेन ही वेगवान गाडी सुरू झाली. तिच्या वाटेवर देशातील सर्वात दाट वस्ती आहे. १९८७ मध्ये जपानची तोट्यातील राष्ट्रीय रेल्वे तोडून वेगवेगळ्या कंपन्या करण्यात आल्या. शिंकान्सेनचा तो मार्ग ज्या कंपनीकडे गेला ती भरपूर नफ्यात आहे. विरळ वस्तीच्या होक्काइदो बेटावरील कंपनी प्रवासी वाहतुकीत तोट्यातच राहणार हे आधीच ठाऊक होते, म्हणून सुरुवातीलाच तिला एक निधी देण्यात आला. देश एक, शिस्त एक, तंत्र एक, फरक ओझ्याचा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली : आजचे जड ओझे उद्या हलके होऊ शकते. २००८ नंतर अमेरिकेत वीजनिर्मितीत नैसर्गिक वायू, वारा आणि सूर्य पुढे आले आणि रेल्वेवरील कोळसा निम्म्यावर आला. नॉरफोकला ज्या कोळशाने तारले, त्यावर कायमचे विसंबून राहता आले नाही. त्याची जागा काही अंशी कंटेनरांनी भरून काढली. बंदरात उतरलेला पोलादी खोका न उघडता, एकावर एक असे दोन रचून, दोन-तीन हजार किलोमीटर न्यायचा. पाहा, माल बदलला पण अटी त्याच : जड ओझे, लांब वाट, थांबे थोडे.

दुसरी : नफा म्हणजे उपयुक्तता नव्हे. एखाद्या फाट्यावर गाडी तोट्यात चालते, पण तिच्यामुळे गावातली मुले शाळेत जातात, रुग्ण इस्पितळात पोहोचतात. हा लाभ कंपनीच्या वहीत लिहिला जात नाही. रस्ता नफ्यात आहे का, असे आपण कधी विचारत नाही. मग रुळालाच का विचारावे? याचे उत्तर पदार्थविज्ञान देऊ शकत नाही. ते समाजाने ठरवायचे असते. आपण फक्त एवढे सांगू शकतो की असा फाटा चालवायचा असेल तर त्याचा खर्च कोण देणार, हे आधी उघडपणे ठरवावे. पेन सेंट्रलच्या बाबतीत ते ठरविले नव्हते. सगळ्यांना गाडी हवी होती, पण तिचा तोटा एकट्या कंपनीने सोसावा, असे सगळ्यांना वाटत होते.

तुम्ही करून पाहा

१. जवळच्या स्थानकावर फलाटावर उभे राहून एका मालगाडीच्या वाघिणी मोजा. आपल्याकडे कोळशाच्या गाडीला साधारण ५८-५९ उघड्या वाघिणी असतात आणि प्रत्येकीत सुमारे ६० टन कोळसा मावतो. तेवढ्याच मालाला २० टनांच्या किती मालमोटारी लागतील?

२. त्या गाडीला सपाट मार्गावर हलती ठेवायला किती न्यूटन बल लागेल? रिकाम्या वाघिणीचे वजन सुमारे २३ टन धरा. दोनशे मीटरला एक मीटर असा चढ लागला तर ते बल किती होईल?

३. वरील दोन रेषांमध्ये मालमोटारीचा किलोमीटरचा खर्च ३ वरून २ रुपये झाला, तर रेल्वे किती किलोमीटरांनंतर स्वस्त पडेल? चांगला रस्ता झाला की रेल्वेचे गिऱ्हाईक का पळते, हे या उत्तरावरून शिक्षकांशी चर्चा करून पाहा.